बसलेल्या बायकोचं चित्र

४ फेब्रुवारी
आजपासून रोज एक चित्र. कुणाला दाखवायला नाही, फक्त मनःशांतीसाठी. व्हिडिओतला दाढीवाला म्हणतो, रेषा ओढता ओढता अहंकार गळून पडतो. माझा मुळातच कमी आहे, त्यामुळे लवकर आटपेल. महागातलं स्केचबुक आणलं. ऑफिसात सगळ्यांना दाखवलं.

५ फेब्रुवारी
कप काढला. लेकीने विचारलं, बादली का? पोरीला कलेची नजर नाही. आईवर गेली आहे.

८ फेब्रुवारी
मधले दोन दिवस मनातल्या मनात काढलं. तेही धरायचं. कपबश्यांत माझा जीव रमत नाही. मला माणूस हवा.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
बायकोला विचारलं, मॉडेल म्हणून बसशील का. वाटलं, उडवून लावेल. दिवसभर औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असते, वर घरचं. पण ओट्यावरचं काम टाकून लगेच आली. माझ्या कलेवर तिची एवढी श्रद्धा असेल असं वाटलं नव्हतं. अट एकच, दार लावायचं आणि मध्ये कुणी हाक मारायची नाही. ही तर साधनेची शिस्तच झाली.

१२ फेब्रुवारी
आईला बजावलं, चित्र चालू असताना सुनेला हाक नाही. आई आता चष्मा, रिमोट, गरम पाणी, सगळं आपलं आपण घेते. लेकीने कुकर लावला. माझ्या साधनेचा घरावर केवढा परिणाम होतोय. भात खाली लागला होता. शांतपणे खाल्ला. बराचसा शांतपणे.

१५ फेब्रुवारी
बायको बसल्याबरोबर डोळे मिटते, मग हलत नाही. समाधीच. पगारी मॉडेललाही हे जमायचं नाही. मध्ये जरा घोरली, पण लयीत.

१७ फेब्रुवारी
खुर्ची अप्रतिम आली आहे. हात, ओढणी, ठीक. चेहरा काढायला गेलो की आमचे साहेब दिसतात. खोडून खोडून कागदाला भोक पडलं. खोडरबर हलका निघाला.

१९ फेब्रुवारी
पुन्हा साहेब. आज हसत होते.

२१ फेब्रुवारी
ऑफिसात डोळे मिटून तिचा चेहरा आठवून पाहिला. हनुवटी कशी आहे ते आठवेना. साहेबांची लख्ख आठवते. इतक्या वर्षांच्या संसारानंतर हे काही बरं वाटलं नाही. दिवसभर चुटपुट लागून राहिली.

२२ फेब्रुवारी
निर्णय झाला. चित्रकला बंद. उजेड पुरत नाही, कागद धड नाही, आणि माझा पिंड मूळचा बासरीचा आहे. जेवताना जाहीर केलं. आई म्हणाली, सुटलो बाबा, आणि लगेच सुनेला रिमोट आणायला सांगितला. बायको घास हातात धरून तशीच बसली.

नंतर खोलीत आली, दार लावलं आणि बोलली. आवाज चढवला नाही, त्यामुळे मी जास्तच घाबरलो. म्हणाली, अख्ख्या दिवसात मला कुणी हाक मारत नाही असा तेवढाच अर्धा तास आहे. चित्र नका काढू हवं तर, पण काढताय असं सगळ्यांना सांगत राहा. आणि बासरीचं नाव काढू नका. मी विचारलं, मग माझ्या कलेवरची श्रद्धा? म्हणाली, झोप येते हो.

२३ फेब्रुवारी, संध्याकाळ
दार लावलं. स्केचबुक मांडीवर. बायको बसल्या बसल्या झोपली. पेन्सिल नुसतीच हातात. काढायचं काही नाही, म्हणून तिच्याकडे बघत राहिलो. फार दमलेली दिसते. मला कुणी कधी सांगितलं नाही, असं लिहिणार होतो. पण तिने बऱ्याचदा सांगितलंय.

आईने दाराबाहेरून विचारलं, झालं का रे चित्र? म्हटलं, कुठलं, आत्ताशी एक कान झालाय. बायको डोळे न उघडता म्हणाली, सावकाश होऊ द्या.