हललेला फोटो

सोमवार, ५ जानेवारी

श्रीराम. आज आलेलं सामान : गहू आणि तुरीची डाळ घरचीच. कांदे, मीठ, आगपेटी मिळून नव्वद. अल्लीपूरहून टेम्पोवाल्यानं आठशे मागितले. हे देऊनच टाकत होते, मी साडेसातशेवर आणला. कॅमेऱ्याची काळी काच कुरिअरनं आली, चार हजार दोनशे! तेवढ्यात माझे कानातले सोडवून झाले असते.

वेणा नदीच्या काठचं हे गिरजाघर फार मोठं. बिशपसाहेबांची खुर्ची इथं असते म्हणून कॅथेड्रल म्हणतात. त्याला शंभर वर्षं झाली, त्याचं पुस्तक निघणार आहे. त्यातले फोटो काढायचं काम आमच्या स्टुडिओला मिळालं. महिनाभर मागच्या खोलीत राहायचं. आई (माझ्या सासूबाई) म्हणाल्या, तू बी जाय, घरात बसून भिंतीकडं काऊन पाहून राह्यली. श्रावणात आमची लेक गुंजन गेली तेव्हापासून त्या अशाच रागावून बोलतात, आणि ताट मात्र आधी माझं वाढतात.

इथं झाडझूड करणाऱ्या मंदाबाईंना विचारलं, खोलीत महाराजांच्या तसबिरीपुढे दिवा लावला तर चालेल का? म्हणे, लाव ना वो बाई, देव काय एकमेकाशी भांडून राह्यले?

बुधवार, ७ जानेवारी

खांब एवढे उंच की मान दुखते. वरच्या कमानी म्हणजे पालथी टोपली आतून पाहावी तशा. हे म्हणाले, फादरसमोर असं बोलू नको. मला हसू आलं. श्रावणानंतर पहिल्यांदाच.

दुपारी गोल खिडकीतून ऊन उतरतं आणि फरशीवर लाल, निळं, हळदीच्या रंगाचं होऊन पडतं. काळी काच लावली की उजेड कॅमेऱ्यात थेंबथेंब जातो, पंधरा मिनिटं कॅमेरा उघडाच ठेवायचा. तेवढ्या वेळात जो हलतो तो फोटोत उमटत नाही. जो न हलता राहिला तोच येतो. मी आणि मंदाबाई कॅमेऱ्यापुढेच झाडत होतो. फोटोत पाहिलं तर नुसती फरशी, आम्ही दोघी नाहीच. मंदाबाई म्हणे, जलमभर झाडलं, कोणाले दिसलं नाई, हे सांगाले एवढी महागाची काच काऊन पाह्यजे?

शनिवार, १० जानेवारी

आजच्या फोटोत तिसऱ्या बाकावर एक लेकरू बसलेलं आहे. मंदाबाई म्हणतात, दुपारी कोणाचंच लेकरू आलं नव्हतं. मी पण पाहिलं नाही, मी तर तिथंच झाडत होते.

ह्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. मीही पाहिलं. निळा फ्रॉक. खांद्याची शिवण पांढऱ्या दोऱ्यानं घातलेली. घरात निळा दोरा नव्हता, नवं रीळ कशाला आणा म्हणून मीच घातली होती. तोच फ्रॉक तिच्या अंगावर होता, शेवटी.

मंगळवार, १३ जानेवारी

गावातल्या सगळ्या पोरीबाळींचे फोटो ह्यांनी काढले. आमची गुंजन मात्र एक घडी बसायची नाही. सहा वर्षांची झाली तरी वेणी घालताना तीनदा पळायची. तिचा एकच फोटो घरी देवघरात आहे, तोही हललेला. तोंड पुसून टाकल्यासारखं.

आणि इथं रोजच्या फोटोत ती स्पष्ट. भुवई न् भुवई दिसते. हे म्हणतात, पाहा, किती छान बसली आहे. आज त्यांनी तासभर कॅमेरा उघडा ठेवला. खांब नाही, कमान नाही, सगळे फोटो तिसऱ्या बाकाचेच.

उद्या संक्रांत. तीळ आणले नाहीत.

गुरुवार, १५ जानेवारी

हे आता कॅमेरा उघडून स्वतःच तिथं जाऊन बसतात. जरा म्हणून हलत नाहीत. परवा फोटोत धुरकट आले, काल बरेच, आज पापणीसुद्धा उमटली. उन्हात बसूनही हात गार. हाक मारली की उठायला वेळ लागतो.

मंदाबाई म्हणाल्या, बाई, घेऊन जाय त्याले घरी, पुस्तकाचं पाहू मग. टेम्पोवाल्याला फोन केला. शनिवारी येतो म्हणाला. भाडं विचारलं नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

आज मी बोलले. बाकाजवळ उभी राहूनच बोलले, मोठ्यानं. म्हटलं, ती आपली नाही. आपली गुंजन एवढी बसली असती का? तिचा कोणताही फोटो हललाच असता. हे जे बसतं आहे ते दुसरं काही आहे, तिचा फ्रॉक घालून —

हे म्हणाले, एवढ्या लांबून आली, थकली असेल.

शनिवार, १७ जानेवारी

टेम्पो येऊन उभा आहे. हे नाहीत. चपला बाकाखाली. पोलीस नदीकडे गेले — पाण्यात पाहायला. कॅमेरा उघडाच होता. मी बंद केला.

फोटोत आहेत. बाकावर. तिच्या शेजारी.

सोमवार, १९ जानेवारी

नदीत काही नाही. टेम्पोवाल्याला परत पाठवलं. दिवा लावते, जळत राहतो. एवढंच.

बुधवार, २१ जानेवारी

आज मी कॅमेरा उघडला. ते करायचे तसाच. झाडत राहिले, थांबले नाही. मग पाहिलं.

हे स्पष्ट आहेत. तिचं तोंड — हललं आहे. पुसल्यासारखं. माझ्या झाडूकडे वळून पाहिलं असावं —

माझी आहे. की शुक्रवारचं माझं बोलणं ऐकलं होतं त्या दुसऱ्या कशानं तरी, म्हणून हललं?

गुरुवार, २२ जानेवारी

आईंना पत्र लिहायचं. गुंजनची बातमी फोनवर आली तेव्हापासून त्या फोन उचलत नाहीत. इथंच लिहून घेते, मग उतरवीन.

ती. आईंस शि. सा. न. देवघरातला गुंजनचा फोटो एकदा खाली काढून पाहा. तिचं तोंड डावीकडे हललेलं आहे की उजवीकडे. इथं ते डावीकडे आहे. तिथंही तसंच असेल तर ती आपलीच, नसेल तर माझं बोलणं ऐकून सोंग घेतलेलं दुसरं काही. मला आठवत नाही, आई, रोज हळदकुंकू वाहिलं आणि मला आठवत —

ऊन आलं आहे. तिसऱ्या बाकावर बसूनच लिहिते. कॅमेरा उघडा आहे. लिहिणारा हात तेवढा उमटणार नाही, बाकी सगळी मी —

कुशीत कोणी तरी चुळबुळ करतं आहे

आई, डावीकडे की उजवीकडे, उलट टपाली कळवा, तोवर मी हलत ना —