रोवण्यासारखी दोरी लावली

जैसलमेर, १२ फेब्रुवारी

माय,

जयभीम. तब्येत बरी आहे, पोटभर जेवतो. तुहा गुडघा कसा आहे? आपली लहानी खुशबू शाळेत जाते ना? फोनवर तुहा आवाज आयकला का मी खोटंच बोलतो, म्हणून लिहून राहिलो.

गोंदियाले ठेकेदार म्हणे, "कोळशाचं आता काही खरं नाही. सोलरमध्ये या, कायमचं काम देतो." त्या शब्दावर मी कोळशाच्या प्लांटातलं काम सोडलं, अन् देवरीचे अकरा जण सोबत आणले.

तू धानाच्या रोवण्यात दोरी लावून बायायची रांग चालवतेस, तशाच आमी सोलरच्या प्लेटा बसवल्या. दोन टोकाले दोघं, मधात दोरी, अन् मागं राहिला त्याची साऱ्यायनं मजा घ्यावी. साइटवरचा साहेब खूश होता. बाकी टोळ्यायले आमच्याकडं बोट दाखवून शिव्या द्यायचा.

आठ महिन्याचं काम आमी पाच महिन्यात आटोपलं. परवा पेढे वाटले, फोटो काढला. काल सांगतलं, सामान बांधा. येवढ्या रानाले आता दोन चौकीदार पुरतात, प्लेटा धुवाले मशीन आहे. ठेकेदार फोन उचलत नाही.

तुह्या रांगेतल्या बायायले आताच सांगू नको. त्यायची पोरं मी आणली, मीच येऊन सांगीन.

धान कापला का दुसऱ्या साली मालक पुन्हा रोवाले बोलावते, माय. ह्या प्लेटा पंचवीस वर्षं टिकतात, तोवर हे रान कोणाले बोलावणार नाही. अन् दोरी आमीच ताणून धरली होती.

गुडघ्याले तेल लावत जाजो.

तुहा रत्नपाल