वरच्या मजल्याचं राज्य

मंगळवार पेठ, कोल्हापूर
दि. ४ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
जोतीरामाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघंही ओरडतो, म्हणून पत्र. स्वतंत्र करवीर राज्य कृती समितीचा मी एकमताने अध्यक्ष झालो. आपली बोली वेगळी, रस्सा वेगळा, राग वेगळा. मग राज्य का नको? मलकापूरच्या शाखेने मात्र उद्घाटनालाच स्वतःसाठी आणखी वेगळं राज्य मागितलं. मी त्यांना फुटीर ठरवून काढून टाकलं.

सोबत माझं पत्रक आहे. घटनेच्या कलम तीनप्रमाणे नवं राज्य संसद करते. मूळ राज्याच्या विधिमंडळाचं नुसतं मत मागवतात, तेही ठरल्या मुदतीत; संमती लागत नाही. हे वाक्य मी ठळक छापून घेतलंय.

घरी वैताग आहे. यशराजला आणि सूनबाई राजनंदिनीला वरच्या मजल्यावर वेगळी चूल हवी. मी साफ नाही म्हणालो. तुझी भावजय गेल्यापासून आम्ही तिघंच जेवायला बसतो. त्यातले दोघं उठले की मी कुणाशी बोलू?

तुझी माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझा जोतीराम

गडहिंग्लज
दि. ११ जानेवारी

चि. जोतीरामास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्रक बाजारात वाचून दाखवलं. भाजीवाली चिमणाबाई म्हणाली, आमच्या बोलण्यात निम्मं कानडी हाय, तवा आमचंबी राज्य येगळं पायजे की. तिलाही फुटीर म्हणायचं का, ते कळव.

राजनंदिनीने फोन केला होता. सहा वर्षं ती भाजीत मीठसुद्धा तुला विचारून घालते म्हणे. मी तिला तुझं ठळक वाक्य दोनदा वाचायला सांगितलं.

तब्येत सांभाळ, रागही.
तुझी अक्का

वरचा मजला
दि. २२ जानेवारी

ती. मामंजींस सा. न. वि. वि.

वेगळ्या चुलीबाबत आपलं मत मागवणारा कागद आठ दिवसांच्या मुदतीने जिन्यात लावला होता. आपण तो फाडलात. तेच आपलं मत समजून नोंद घेतली. आपल्याच पत्रकाप्रमाणे संमती लागत नसल्याने उद्या शेगडी पेटेल. देव्हारा मात्र, राज्य फुटल्यावर राजधानी राहते तसा, दहा वर्षं सामायिक राहील.

राग नसावा.
आपली सून राजनंदिनी

मंगळवार पेठ
दि. २४ जानेवारी

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

काल शेगडी पेटली. मी समितीची तातडीची बैठक बोलावून ते ठळक वाक्य गाळण्याचा ठराव मांडला. माझ्याखेरीज कुणीच हात वर केला नाही.

संध्याकाळी सवयीने तिघांचा भात लावला. माझं ताट वाढून घेतलं, तर कुकरात दोघांचा भात उरला. शेवटी कुकर उचलून जिना चढलो आणि वरच्या पायरीवर थांबलो. तिथून पुढे जायला माझं मत पुरेसं नव्हतं, त्यांची संमती हवी होती. सहा वर्षांत प्रथमच मी राजनंदिनीला आत येऊ का म्हणून विचारलं. तिने तिसरं ताट आधीच मांडून ठेवलं होतं.

आमटीत मीठ कमी होतं. मी बोललो नाही.

तुझा
जोतीराम