जाम नदीत धुतलेला गालिचा

बाबा, आज इटारसीत एका हॉटेलातला गालिचा साफ करायला घेतला आणि अर्ध्यातच ब्रश टाकून ओसरीवर येऊन बसलो. मालक आतून विचारून राहिला आहे, आटपलं का म्हणून. मी त्याच्याच मुनीमाकडून दोन कागद मागून घेतले. पत्र लिहायची मला सवय नाही. तुम्ही होता तेव्हा एक पोस्टकार्डसुद्धा कधी धड टाकलं नाही. पण गालिच्याचा कोपरा उचलला तर खाली तशीच तागाची पाठ, तिच्यावर मिलचा तसाच शिक्का, आणि मला आपल्या पांढुर्ण्याचा तो व्यापाऱ्यांचा हॉल दिसायला लागला. दारापाशी तुम्ही उभे.

आपलं काम बिछायतीचं. लग्नाच्या सतरंज्या, अडत्यांच्या गाद्यांवरच्या चादरी, कापसाच्या हंगामात सरकी काढायच्या जिनाच्या पटांगणात टाकायची जाजमं, सगळं तुम्हीच टाकायचात, तुम्हीच उचलायचात आणि तुम्हीच बैलगाडीत घालून जामवर न्यायचात. रात्रभर दगडांखाली दाबून पाण्यात ठेवायचं, सकाळी रिठ्याच्या पाण्यात पायांनी तुडवायचं, मग वाळूवर पसरायचं. सावरगावच्या काठावरून बाया विचारायच्या, "कोणाकडचं लगन हाय जी?" आणि तुम्ही सतरंजीकडे पाहूनच सांगायचात, कोणाकडे झालं आणि जेवायला काय होतं. वरणाचा डाग, जिलबीच्या पाकाचा डाग. मी तुडवता तुडवता मासे पाहायला जायचो. तुम्ही तेव्हाही फार रागावत नव्हता.

व्यापाऱ्यांनी हॉल बांधला तेव्हा त्याची बिछायत तुमच्याकडे आली आणि तुमची चालच बदलली. अडते तुम्हाला नाव घेऊन हाक मारत. त्या हॉलमुळे बाजारातली बाकीची दुकानं तुमच्याकडे आली होती, हे मला कळत होतं, पण तेव्हा मी कुठल्याच गोष्टीत जास्त वेळ राहत नव्हतो. सातवीतून उठलो, थोडे दिवस जिनात, थोडे दिवस सौंसरला मामाच्या संत्र्याच्या बगिच्यात, मग नागपूर. तिथं एका गालिच्यांच्या दुकानात लागलो. हॉलमधला तो मोठा मरून गालिचा त्याच दुकानातून गेला, माझ्याच शिफारशीवरून, हे तुम्ही सगळ्या गावाला सांगितलं होतं.

त्या गालिच्याला मिलची पाच वर्षांची गॅरंटी होती. लोकर गळाली, रंग उडाला, कडा वळल्या तर गालिचा बदलून. पण अट अशी, की तो कधी पाण्यात घालायचा नाही, त्याला सोडा लावायचा नाही, कडक उन्हात टाकायचा नाही, आणि दर सहा महिन्यांनी मिलने शिकवलेल्या माणसाकडूनच साफ करून घ्यायचा. त्यातली एक अट मोडली की गॅरंटी संपली. हे सगळं इंग्रजीत छापलेलं होतं आणि हॉलच्या कपाटात पडून होतं. गावात ते कोणी वाचलं असेल असं मला वाटत नाही. मिलने शिकवलेला माणूस म्हणजे मी. लाकडाचा बारीक भुसा, त्यात साबणाचा फेस आणि थोडं स्पिरिट, तो ओलसर भुसा पसरायचा, ब्रशाने लोकरीत फिरवायचा, सुकू द्यायचा आणि झाडून काढायचा. तागाच्या पाठीपर्यंत ओल जाऊच द्यायची नाही. माझ्या हाताला हे काम जमलं होतं. दुसरं काहीच इतकं जमलं नाही.

त्या वर्षी राज्य बदललं. नागपूर मुंबईकडे गेलं, आपण मध्य प्रदेशातच राहिलो आणि राजधानी भोपाळला गेली. दसऱ्याला मी घरी आलो तर चौकात तीच चर्चा चालू होती. एक जण म्हणत होता, "घर तिथंच, बायको तिथंच, फक्त साहेब दुसरीकडून येईन." तुम्ही जेवताना मला म्हणालात, "दिवाळीनंतर भोपाळचा मोठा साहेब येऊन राहिला हॉलमध्ये. गालिचा साफ पाह्यजे." मी म्हटलं, "मीच येतो नं. तुमच्यासमोर साफ करतो, तुम्हालेही शिकवतो. दुकानाच्या सेठले सांगून तुमचं नाव मिलकडे कळवतो. मंग हॉलचं काम कोणी तुमच्या हातून काढू शकत नाही." तुम्ही आईला दोनदा सांगितलंत, "पोरगं शिकवणार हाय मले." पाणी लावू नका, एवढं एक वाक्य मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बाहेरून कोणीतरी हाक मारली, कुस्त्या लागल्या आहेत म्हणून, आणि मी हात धुऊन निघून गेलो.

दिवाळीनंतर निघालो मात्र होतो, खरंच. ब्रश, भुशाचं पोतं, सगळं घेऊन. आधी सौंसरला आईचा निरोप मामाला द्यायचा आणि मग पांढुर्ण्याला यायचं असा बेत होता. लोधीखेड्याला गाडी थांबली, तिथं एक संत्र्याचा ट्रक उभा होता. ड्रायव्हर ओळखीचा निघाला. म्हणाला, "जबलपूरले चाललो, येतं का बे? संगमरवराचे पहाड दाखवतो." मी म्हटलं, जाऊन येऊ, साहेब यायला अजून अवकाश आहे. ट्रकच्या टपावर बसलो. पहाड पांढरे होते आणि नदी हिरवी होती, नावाडी गाणी म्हणत होता. मग ड्रायव्हर म्हणाला पुढे कटनीला चल, मी कटनीला गेलो. परतलो तोपर्यंत साहेब येऊन गेला होता. मी पांढुर्ण्याला आलोच नाही. लाजेने सरळ नागपूर गाठलं.

आणि तुम्ही वाट पाहिली असेल. किती, ते कोणी सांगितलं नाही. साहेब येणार त्याच्या आधी तुम्ही चार गडी लावून तो गालिचा जामवर नेलात. रिठा घातलात, तुडवलात, वाळूवर वाळवलात. आयुष्यभर जे केलं तेच.

महिनाभरात हॉलची तक्रार दुकानात आली. गालिचा आखडला आहे, कडा वर वळल्या आहेत, तांबूस ढग आले आहेत. गॅरंटीत बदलून द्या. सेठने मला बोलावलं. म्हणाले, "तुझंच गाव आहे, तूच पाहून ये. पण सरळ सांग. खोटं लिहून पाठवलं तर मिल आपली एजन्सी काढून घेईल. आधीच तिकडचा भाग जबलपूरच्या दुकानाला द्यायचं चाललंय."

हॉलमध्ये सगळे अडते जमले होते. व्यापाऱ्यांचे अध्यक्ष हसून म्हणाले, "घरचाच वैद्य आला. पाह्य बाबा नाडी." दुसरा म्हणाला, "आता मिलले कोण विचारते, बाप इकडून अन् पोरगा तिकडून. नवा गालिचा आलाच समजा." तुम्हीही हसलात. मी आत गेलो, गुडघ्यावर बसलो, कोपरा उचलला. ताग फुगून आखडला होता. त्याचा चहाच्या पाण्यासारखा रंग लोकरीत वर चढला होता. भिंतीपासून वीतभर जागा सुटली होती. वास घेतला तर रिठा.

मी उभा राहून म्हटलं, "हा पाण्यात बुडवला आहे. गॅरंटीत बसत नाही."

अध्यक्षांचं हसणं गेलं. त्यांनी तुम्हाला विचारलं, "काहो, नदीवर नेला होता?"

"नेला होता नं," तुम्ही म्हणालात. "धुतल्याबिगर साफ कसा होईन?"

"पण कंपनीचा माणूस येणार होता म्हणत होते तुम्ही."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही. "कोणीतरी येणार होता म्हणे. नाही आला. साहेब तं येऊन राह्यला होता."

मी तिथं बोलू शकत होतो. तो कोणीतरी मीच, पाणी लावायचं नाही हे यांना सांगायचं माझ्याकडून राहिलं, एवढंच. त्याने गॅरंटी काही परत आली नसती. पण हॉलचं काम कदाचित राहिलं असतं. मी ब्रशांची पेटी उचलली आणि पुढचं काही लिहायचं तर कुठं लिहा म्हणून सेठचा पत्ता सांगत बसलो.

घरी येताना तुम्ही मला बोललात, ते वेगळ्याच गोष्टीवरून. "जोडे घालून गालिच्यावर गेला तू. लोकं पाहून राह्यले होते. बिछायतवाल्याचं पोरगं हायेस." बस. मग अंगणात जुनी सतरंजी टाकून म्हणालात, "कसा धुवायचा होता तो, दाखव." मी भुसा कालवला, ब्रश फिरवला. आई म्हणाली, "हे तं अंगणात माती टाकून अंगण झाडल्यासारखं झालं." तुम्ही मात्र वाकून पाहत होता. विचारलंत, "मंग मळ जाते कुठं?" मी म्हटलं, भुशात. तुम्ही मूठभर भुसा उचलून उजेडात नेलात, काळा झालेला पाहिलात आणि म्हणालात, "जाते खरं." ब्रश हातात घेऊन स्वतः फिरवून पाहिलात. मी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेलो.

हॉलचं काम सावरगावच्या एकाला मिळालं. मग एकेक अडत्याही तिकडेच गेला. तुम्ही लग्नांच्या सतरंज्या टाकत राहिलात. तुम्ही गेलात तेव्हा मी रायपूरला होतो. आलो तोपर्यंत आई सौंसरला मामाकडे गेली होती आणि घराला कुलूप होतं. ती मला कधीच काही बोलली नाही. तिला तुम्ही सांगितलं होतं की नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

हे पत्र टाकायला जागा नाही, हे मला कळतं. मालक आता बाहेर येऊन उभा आहे. घडी करून खिशात ठेवतो आणि आत जातो, भुसा सुकून गेला असेल.

पण एक लिहायचं राहिलं. त्या दिवशी मी बोललो तेव्हा अख्खा हॉल माझ्याकडे वळला होता. ज्यांच्या दुकानात मला कोणी बस म्हटलं नव्हतं, ते माना हलवून ऐकत होते. तुम्ही समोर होता, तुमचं तोंड मला दिसत होतं. तरी बाबा, तेवढा वेळ मला बरं वाटलं होतं.