माकडिणीच्या मनगटावरचा दोरा

विरकदादा,

तू जाळ्यात धरून औषधांच्या चाचण्यांसाठी माकडं वाढवणाऱ्या आमच्या फार्मला विकलेल्या माकडिणीच्या मनगटावर लाल दोरा आहे. आपल्याच विहारातल्या भन्तेंनी बांधलेला. माझ्याही हातात तसाच आहे.

"अगं चांथू, दोरा काप आणि दाखल्यावर 'इथंच जन्मली' असं लिही," फार्मचे साहेब हसले. "माकडीण काय साक्ष देणारेय?"

औषधं माणसं वाचवतात, मान्य. पण खोट्या जन्मदाखल्यावर उभी राहिलेली चाचणी कुणाला वाचवणार?

उद्या तपासनीस येतील. दोरा दिसला तर ती बाहेरून बेकायदा धरलेली आहे हे कळेल आणि तू तुरुंगात जाशील.

मी कात्री उचलली, तेव्हा तिनं भन्तेंपुढे करायची तसा हात पुढे केला. मी कात्री खाली ठेवली.

'पळ' म्हणावंसं वाटतं, दादा. पण तू पळालास तर हे खोटं तसंच चालू राहील, म्हणूनच हे पत्र पाठवत नाही.

तुझीच,
चांथू