पापांच्या टाकीतले नवे पाहुणे

लेक चार्ल्स, १४ मार्च

प्रिय पापा,

तब्येत बरी असेल. दादाकडचा जिना चढताना गुडघा कुरकुरत असणार, पण तुम्ही थोडंच सांगणार! इकडे मजेत आहोत. यंदा क्रॉफिश झिंगे चांगले भरलेले निघताहेत.

तुमच्या टाकीची बातमी आहे. पत्र फाडू नका. "जिच्यात मी जन्मभर कच्चं तेल मोजलं, तिच्यात तू गावाचा मैला ओतणार?" असं म्हणून तुम्ही दादाकडे जे गेलात ते गेलातच. पण रिकामी टाकी भंगारातच जाणार होती. तिच्यात हवेच्या नळ्या बसवून रिफायनरीचं घाण पाणी शुद्ध करायचं, एवढाच उपाय होता. ते काम करतात जिवाणू, आणि जिवाणू मिळतात गावच्या मैलापाणी केंद्रातल्या गाळात. तो गाळ तिथल्या क्लोव्हिसने आणून दिला.

आणि आम्ही काय दिवे लावले? साहेब पाहणीला येणार म्हणून आमच्या लान्द्रीच्या पाळीतल्या कामगारांनी सगळे पाइप ब्लीचने लख्ख धुतले आणि ते पाणी सरळ टाकीत सोडलं. जिवाणू खलास! साहेब म्हणाले, "तपासणीत नापास झालात, की टाकी कापायला घेतो."

मी रडायचीच बाकी होते. क्लोव्हिस पुन्हा गाळ घेऊन आला, सोबत जिवाणूंच्या खुराकाला काकवीचे डबे.

"पाव विसरलास की रे!" लान्द्री खिदळला.

"तुझी आई आजाऱ्याला आधी खायलाच घालते ना? मग गप ओत," क्लोव्हिस म्हणाला.

पापा, जगले हो! फेस बसला, वास गेला. तपासणीला आमच्या पाण्यात मासे सोडतात. काल निकाल आला, सगळे मासे जिवंत! लान्द्रीने मला उचलून गरागरा फिरवलं. टाकी वाचली, पापा. मला इतका आनंद झालाय की हे लिहितानाही हसतेय.

क्लोव्हिसचं नाव जरा जास्तच येतंय, नाही का? तुम्ही ओळखलंच असेल. ईस्टरनंतर आम्ही लग्न करतोय. तुम्ही त्याला 'मैलेवाला' म्हणता, हे त्याला ठाऊक आहे. "खरंच तर आहे," म्हणतो आणि हसतो. तुम्हाला न्यायला स्वतः येणार होता, पण घाबरतो.

चर्चमध्ये मला हाताला धरून कोण नेणार, असं दादाने विचारलं. मीच नेतो म्हणाला. मी नको म्हटलं. तुम्ही आला नाहीत तर एकटी चालेन, पण तुमची जागा दुसऱ्या कुणाला देणार नाही.

एक हात मोकळा ठेवून,
तुमचीच
ओडील