सातव्या पानावरची सही

प्रिय लेइदा,

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहायला घेतलंय. आधीची दोन चुलीत गेली. तू म्हणशील, चार घरांपलीकडे राहणारी बाई पत्र कसली लिहिते, सरळ कॉफीला यायचं. काल निघालेही होते. तुझ्या फाटकापर्यंत आले, खिडकीतून तू पावाचं पीठ मळताना दिसलीस, आणि मी तिथूनच परत फिरले. समोर बसलं की तू माझा हात हातात घेतेस, आणि मग जे बोलायचं असतं ते घशातच राहतं. म्हणून कागद. तू विणून पाठवलेले हातमोजे मिळाले. नक्षी तुझ्या आईच्या गावची आहे हे लगेच ओळखलं. असं काम एक-दोन आठवड्यांत होत नाही, हेही कळतं मला. मी ते अजून घातलेले नाहीत.

गेले दहा-बारा दिवस मी एका जागी बसू शकत नाहीये. भांडी घासते, अर्धी टाकून बाहेर येते, सरपण रचते, तेही अर्धं टाकते. खाडीवर पहिला पातळ बर्फ धरलाय, तो बघायला जाते आणि न बघताच परत येते. काल दुकानात उनोची बायको सगळ्यांसमोर म्हणाली, "विर्वे उभी राहिली म्हणून, नाहीतर अपघाताचं सगळं आर्वोच्याच माथी मारलं असतं." मी मासे घ्यायला गेले होते, ते न घेताच बाहेर पडले. तिला वाटलं असेल, बाई साधी आहे, कौतुक सोसवत नाही.

त्या शुक्रवारचं तुला थोडंफार माहीत आहे. सगळं सांगते. नोव्हेंबरचा पहिला शुक्रवार. बोट उचलताना पट्टा तुटून तुझा आर्वो गेला, त्या अपघाताचा चौकशी अहवाल चार वाजेपर्यंत कामगार निरीक्षकांकडे पोचायला हवा होता. चार सह्या हव्या होत्या: मालक म्हणून टावीची, मुकादम म्हणून उनोची, राजधानी टॅलिनहून आलेल्या सुरक्षा सल्लागाराची, आणि कामगारांनी निवडून दिलेली प्रतिनिधी म्हणून माझी. तिघांच्या सह्या गुरुवारीच झाल्या होत्या. सही संगणकावरच करायची, म्हणून मी सव्वानऊला माझं ओळखीचं कार्ड यंत्राच्या खाचेत घातलं. यंत्र म्हणालं, कार्ड सापडत नाही.

आदल्या रात्री कंपनीच्या सगळ्या संगणकांवर नवी प्रणाली चढली होती. सकाळी पडद्याचा रंगसुद्धा वेगळा दिसला. मी कार्ड काढलं, बाहीला पुसलं, परत घातलं. हिरवा दिवा लागतो, पण यंत्राला कार्ड दिसत नाही. वायर दुसऱ्या भोकात लावली. संगणक बंद करून चालू केला. मग कार्ड दिसलं, त्याने सहीचा पिन मागितला, मी दिला, चक्र फिरत राहिलं आणि शेवटी उत्तर आलं: सही करता आली नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा माझा हात अडला. पिन तीनदा चुकला की कार्ड कुलूपबंद होतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि तो चुकत होता की बरोबर होता हेच मला कळेना. तीस वर्षं त्या ऑफिसात काढली, पण स्वतःच्या चार भिंतींत चोरासारखं वाटलं. फोनवरून सही करायची सोय मी कधी घेतलीच नाही. तुझा नवरा चिडवायचा ना मला, "विर्वे, तू मेल्यावर तुझं कार्डही तुझ्याबरोबर पुरावं लागणार." आता ती सोय घ्यायची तर आधी कार्डच चालायला हवं होतं.

टावी दर अर्ध्या तासाने दारात. पोरगा चौतिशीचा आहे, पण त्या महिन्यात पन्नाशीचा दिसायला लागला होता. "झालं का?" "नाही." "माझ्या संगणकावर बघ." तिथेही तेच, त्याचाही आदल्या रात्रीच बदललेला. "नव्या गोष्टी आपल्याकडे नेमक्या नको त्या दिवशी येतात," एवढं म्हणून तो गेला. खाली शेडमध्ये कुणीच काम करत नव्हतं. बोटी पट्ट्यांवर तोलून पाण्याबाहेर काढणारी ती मोठी उचलणी तशीच झाकून ठेवलेली, आणि पोरं आपली पायरीवर सिगारेटी ओढत.

मदतकेंद्राला फोन लागायला अकरा वाजले. केर्तू नावाची मुलगी होती, आवाज असा शांत की मला तिचा रागच आला. मी म्हटलं, "बाई, चार वाजता माझी मुदत संपते." ती म्हणाली, "मग आपण घाई करायची नाही. मला सांगा, पिननंतर किती संधी उरल्या असं काही लिहून आलं का?" नव्हतं आलं. "म्हणजे पिन बरोबर आहे. तुमची काही चूक नाही. कार्ड आणि संगणक यांच्यात बोलणं करून देणारा एक छोटा प्रोग्राम असतो. तुमचा जुना आहे, नव्या प्रणालीला त्याची भाषा कळत नाहीये. दोन्ही काढून टाकू आणि नव्याने बसवू." तुमची काही चूक नाही, हे वाक्य तिने दोनदा म्हटलं, लेइदा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, दमणुकीने आलं असेल.

काढून टाकण्यात दोन-अडीच तास गेले. कारण परवानगी टावीच्या नावाने लागत होती, आणि तो कुठेतरी किनाऱ्यावर फिरत होता. पावणेदोनला केर्तूने परत फोन केला, नवं बसवायला घातलं, आणि म्हणाली, "आता तासभर तरी काही दाबू नका. चहा घ्या." मी कॉफी ओतली आणि विसरले. टावीचा धीर सुटला. त्याने अख्खा अहवाल छापला, माझ्यासमोर आपटला, वर पेन ठेवलं. "कागदावर कर. मी निरीक्षकांना फोन करून विचारलंय, अडचण असेल तर चालतं म्हणाले. फक्त प्रत्येक पानावर सही हवी."

प्रत्येक पानावर. पडद्यावर तसं नसतं, तुला माहीत आहे. तिथे एकदा पिन दिला की सगळी पानं एकदम आपली होतात, उघडलेली आणि न उघडलेली. कागदावर पान उलटावं लागतं. मी एक केलं, दोन केलं, तीन केलं. सहाव्यावर त्या पट्ट्यांचे फोटो होते, तिथे मी नजर दुसरीकडे ठेवून सही केली. सातव्या पानावर पेन टेकवलं आणि सहीच्या बरोबर वर लिहिलेलं दिसलं: उचलणीच्या पट्ट्याच्या स्थितीबद्दल अपघातापूर्वी कोणतीही सूचना मिळालेली नव्हती. कामगाराने स्वतःच्या निर्णयाने, मुकादमाची वाट न पाहता, बोटीखाली प्रवेश केला.

मी ते चारदा वाचलं. कारण सूचना मिळाली होती, आणि मलाच मिळाली होती. सप्टेंबरात जेवणाच्या सुट्टीत आर्वोने मला अडवलं होतं, हातात अर्धा पाव, त्यावर मासा. "विर्वे, डाव्या मागच्या पट्ट्याची शिवण उसवत चाललीय. तुला लिहून पाठवलंय, तू टावीला पाठव, माझं लिहिलेलं तो वाचत नाही." मी म्हटलं होतं, पाठवते. पाठवलंही होतं. आणि विसरले होते. ऑफिसातला एक संगणक जुना म्हणून कोपऱ्यात टाकलेला होता, त्यावर काही नवं चढलं नव्हतं; सहीचं कार्ड त्याला जोडता येत नव्हतं, पण पत्रं उघडायची. त्यावर मी माझा पत्रव्यवहार उघडला. एकोणीस सप्टेंबर. आर्वोच्या तीन ओळी, नेहमीसारख्या एकाही विरामचिन्हाशिवाय. त्याखाली मी टावीला लिहिलेलं: बघशील का?

तेवढ्यात माझ्या टेबलावरच्या यंत्राने आवाज केला. सगळं बसलं होतं. केर्तूने सांगितलं तसं एका रिकाम्या कागदावर सही करून पाहिली, एका क्षणात झाली. तीन वाजून पाच मिनिटं. टावी धावत आला. "चाललं? मग कर ना." मी म्हटलं, "सातवं पान खोटं आहे." आणि त्याला जुन्या संगणकापुढे नेलं.

त्याने वाचलं. मग खाली बसला. पडद्यावरच्या तारखेवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "त्या आठवड्यात मी फिनलंडला होतो. हे मी उघडलंच नव्हतं, विर्वे. शपथेवर." मी म्हटलं, "माझा विश्वास आहे. पण मिळालं नव्हतं आणि उघडलं नव्हतं, यात फरक आहे." तो म्हणाला, "आता एक अक्षर जरी बदललं तरी तिघांच्या सह्या मोडतात. सल्लागार आज विमानात आहे. मुदत जाईल." मी म्हटलं, "जाऊ दे." "तू सही कर आणि वेगळं पत्र जोड." "नाही." तो चिडला, माझ्या अंगावर ओरडला, उनोला बोलावलं. उनोने दारातूनच सगळं ऐकलं आणि टोपी काढून म्हणाला, "अपघाताच्या दिवशी आर्वोला बोटीखाली जा असं मीच खुणावलं होतं. मला वाटलं, अहवाल लिहिणाऱ्यांना जास्त कळतं." मग टावीने स्वतःच निरीक्षकांना फोन लावला. सोमवारी नवा अहवाल गेला, कामाचा एक दिवस उशिरा, चार सह्यांचा. पुढचं तुला ठाऊकच आहे. निरीक्षक आले, पट्टे घेऊन गेले, आणि आर्वोची चूक नव्हती हे तुला लेखी मिळालं. एवढं सगळं खरं आहे. यातलं काही मी मुद्दाम तुझ्यापासून लपवलं नव्हतं.

लपवलं ते वेगळंच. येत्या शनिवारी धक्क्यावर आर्वोच्या नावाची पाटी बसते आहे, आणि तू टावीला सांगितलंस की पहिले दोन शब्द विर्वेने बोलावेत, कारण ती लढली. लेइदा, तो अहवाल माझ्याकडे मंगळवारपासून होता. बुधवारी टावीने विचारलं, "वाचलास का?" आणि मी हो म्हटलं. वाचला नव्हता. पहिलं पान पाहिलं, त्यावर आर्वोचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख होती, पुढे माझ्याने जाववलं नाही. म्हटलं, शिकल्यासवरल्या माणसांनी लिहिलंय, सही करून मोकळं व्हावं. शुक्रवारी सव्वानऊला मी पिन दिला तो काहीही न वाचता दिला. एकदा नाही, दोनदा दिला. यंत्र धड असतं तर नऊ वाजून सोळा मिनिटांनी माझी सही त्या वाक्याखाली बसली असती, आणि मी खाली जाऊन पोरांबरोबर कॉफी प्याले असते. आर्वोसाठी त्या दिवशी आधी कुणी उभं राहिलं नाही. मी पण नाही. एक संगणक बिघडला, एवढंच झालं. मग जे केलं ते केलं, त्याचं ओझं नाही. पण तू माझा हात धरतेस तेव्हा ज्या बाईचा धरतेस ती मी नव्हे, हे तुला कळल्याशिवाय मला तिथे उभं राहता येणार नाही. शनिवारी मी येणार आहे, गर्दीत मागे उभी राहीन. बोलायला कुणाला सांगायचं ते हे वाचून झाल्यावर तू ठरव.

तू ठेवशील तिथे, तुझीच
विर्वे